केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि सूर्यमालेच्या सीमेवरील बटुग्रह

(पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग नगरीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या महासभेने एक ठराव संमत केला आणि सूर्यमालेतील ग्रहांची संख्या नवावरून आठावर आली. दुसऱ्या दिवशी घरोघरी मुलांनी विचारलेला प्रश्न अनेक पालकांना आजही आठवत असेल : ‘प्लुटो कुठे गेला?’ प्लुटो कुठेही गेला नव्हता. तो आपल्या कक्षेत पूर्वीप्रमाणेच सूर्याभोवती फिरत होता. बदलले होते ते माणसाने त्याला दिलेले पद. ग्रहांच्या पंक्तीतून उठवून त्याला ‘बटुग्रह’ या नव्या पंक्तीत बसविण्यात आले. ज्यांच्या मनात वामनावताराची कथा रुजलेली आहे, त्यांना ‘बटू’ या शब्दात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आकाराने लहान असलेला हा बटू किती पावले व्यापू शकतो, हे पुढील वीस वर्षांत जगाला दिसलेच.

परंतु आजच्या विषयाचा आरंभ प्रागमध्ये होत नाही. अमेरिकेतील ज्या वेधशाळेत प्लुटो प्रथम सापडला, तेथेही तो होत नाही. प्लुटोचा शोध लागण्यापूर्वी एकोणीस वर्षे एका मराठी गणितज्ञाने नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे लिहून ठेवले होते. त्यांना त्याने नावेही दिली होती : ब्रह्मा आणि विष्णू. या गणितज्ञाचे नाव वेंकटेश बापूजी केतकर. पंचांगाचा व्यासंग असलेल्या घरांत हे नाव आदराने घेतले जाते, परंतु नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचे भाकीत करणारे केतकर आपल्या सुशिक्षित समाजालाही फारसे परिचित नाहीत. त्यांच्यावर दोन प्रकारे अन्याय होऊ शकतो. त्यांना विसरून जाणे हा पहिला, आणि त्यांनी जे केले नाही ते त्यांच्या नावावर जमा करणे हा दुसरा. दुसरा अन्याय अभिमानाच्या पोटी घडतो, म्हणून तो लवकर ध्यानात येत नाही.

शिक्षकी पेशातील ज्योतिर्विद

केतकरांचा जन्म १८५४ चा. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ चे आणि लोकमान्य टिळक १८५६ चे. तीन वर्षांच्या अंतरात जन्मलेल्या या तिघांनीही आकाशाकडे गणिताच्या दृष्टीने पाहिले. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ चा. केतकरांचा संस्कृत ‘ज्योतिर्गणितम्’ १८९८ चा. एकाच दशकातील ही तीन फळे पाहिली म्हणजे त्या पिढीच्या व्यासंगाची कल्पना येते.

केतकर पेशाने शिक्षक होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आजच्या उत्तर कर्नाटकातील विजापूर-बागलकोट परिसरात गेला. हाताशी वेधशाळा नाही, विद्यापीठाचे पद नाही. असे असूनही युरोपातील अद्ययावत ग्रहगणित त्यांनी मुळापासून आत्मसात केले आणि पंचांगकर्त्याला वापरता येईल अशा कोष्टकांत व संस्कृत श्लोकांत ते बांधले. फ्रान्समधील खगोलशास्त्रीय संस्थेशी त्यांचा संबंध होता. याच संस्थेच्या पत्रिकेत १९११ मध्ये त्यांचे नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयीचे विवेचन छापून आले. लोकमान्य त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, हे स्मरले की तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

गुरूच्या चंद्रांचा ताल

केतकरांच्या विचाराचे मूळ गुरूच्या चंद्रांत होते. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तीन मोठे चंद्र एका विलक्षण तालात फिरतात. गॅनिमीड एक फेरी पूर्ण करतो तेवढ्यात युरोपा दोन आणि आयो चार फेऱ्या पूर्ण करतो. ठाय, दुगुन आणि चौगुन एकाच वेळी चालावी आणि समेवर चूक होऊ नये, तसा हा प्रकार आहे. अठराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी या तालामागील गणित उलगडले. या चंद्रांचे परस्परांवरील गुरुत्वाकर्षणच त्यांना तालात बांधून ठेवते, हे त्यांनी दाखविले. यालाच शास्त्रात कक्षीय अनुनाद म्हणतात.

युरेनस सूर्याभोवती सुमारे ८४ वर्षांत फिरतो आणि नेपच्यून सुमारे १६५ वर्षांत. म्हणजे हे प्रमाणही जवळजवळ एकास दोन असे आहे. गुरूच्या चंद्रांचा ताल सूर्यमालेच्या बाह्य भागातही चालू असावा आणि त्या तालातील पुढच्या मात्रा नेपच्यूनच्या पलीकडे असाव्यात, असा केतकरांचा तर्क होता. त्या आधारे त्यांनी ‘ब्रह्मा’ या ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३८.९५ खगोलीय एकके आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे सांगितला. सूर्य आणि पृथ्वी यांमधील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक, अर्थात सुमारे १५ कोटी किलोमीटर.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत, शेतकरी कुटुंबातून आलेल्या क्लाइड टॉम्बो या चोवीस वर्षांच्या तरुणाला छायाचित्रांच्या काचा ताडून पाहताना एक सरकणारा ठिपका दिसला. तोच प्लुटो. त्याचे सरासरी अंतर ३९.४८ खगोलीय एकके आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे निघाला. केतकरांच्या अंतरात आणि प्रत्यक्ष अंतरात जेमतेम दीड टक्क्याचा फरक, प्रदक्षिणाकालात अडीच टक्क्यांहून कमी. केतकरांचे निधन त्याच वर्षी, १९३० मध्ये झाले.

हे आकडे ऐकल्यावर कोणाही मराठी माणसाची छाती भरून यावी हे स्वाभाविक आहे. एखादा उत्साही वक्ता लगेच म्हणेल, ‘प्लुटोचा शोध खरे तर केतकरांनी लावला, श्रेय मात्र परकीयांनी घेतले.’ येथेच थांबून विचार करणे आवश्यक आहे.

एकच तराजू

प्लुटोचे श्रेय पाश्चात्त्य जगात टॉम्बोच्या बरोबरीने पर्सिव्हल लॉवेल यांना दिले जात असे. ही वेधशाळा त्यांनीच स्थापन केली होती. युरेनसच्या गतीतील सूक्ष्म अनियमितता पाहून तिला कारण होणारा एक अज्ञात ग्रह त्यांनी गणिताने सांगितला होता. १८४६ मध्ये ल व्हेरिए यांच्या गणितावरून बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून याच रीतीने सापडला होता, तेव्हा लॉवेल यांची वाट अभ्यस्त होती. त्यांच्या ग्रहाचे अंतर ४३ खगोलीय एकके, प्रदक्षिणाकाल २८२ वर्षे आणि वस्तुमान पृथ्वीच्या सहा-सात पट होते. लॉवेल १९१६ मध्ये वारले. त्यांनी सांगितलेल्या दिशेपासून सुमारे सहा अंशांवर प्लुटो सापडला, आणि गणिताचा विजय म्हणून त्याचा जगभर गौरव झाला.

पुढे मात्र हा विजय ओसरत गेला. १९७८ मध्ये प्लुटोचा शॅरन हा उपग्रह सापडला. त्याच्या गतीवरून प्लुटोचे वजन करता आले आणि ते पृथ्वीच्या सुमारे ४६० व्या भागाइतकेच भरले. एवढा लहान गोल युरेनसला हलवू शकत नाही. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेले आणि नेपच्यूनचे वस्तुमान अधिक अचूक कळले. ते वापरून १९९३ मध्ये पुन्हा गणित केले, तेव्हा युरेनसच्या गतीतील ती अनियमितताच नाहीशी झाली. म्हणजे लॉवेल ज्या कारणासाठी ग्रह शोधत होते ते कारणच अस्तित्वात नव्हते. प्लुटो सांगितलेल्या दिशेजवळ सापडला हा योगायोग होता. त्यात टॉम्बोचे कष्ट खरे होते. गणित खरे नव्हते.

आता याच तराजूत केतकरांना ठेवू. युरेनस आणि नेपच्यून यांचे प्रमाण एकास दोनच्या जवळ असले, तरी गुरूच्या चंद्रांसारखे ते प्रत्यक्ष अनुनादात बांधलेले नाहीत. त्यामुळे केतकरांचा मूळ आधारच टिकत नाही. त्यांनी ब्रह्माचे सरासरी अंतर आणि प्रदक्षिणाकाल सांगितला. आकाशात तो कोणत्या वेळी कोठे दिसेल, त्याची कक्षा किती कललेली आणि किती लांबट असेल, हे सांगितले नाही. स्थान सांगितलेले नसेल तर दुर्बीण रोखायची कोठे? आपल्या आकड्यांपर्यंत ते कोणत्या पायऱ्यांनी पोचले, हेही अभ्यासकांना अद्याप पुरते उलगडलेले नाही. आणि त्यांचा दुसरा ग्रह, विष्णू, कधीच सापडला नाही. नेपच्यूनपलीकडे पुढे सापडलेल्या एखाद्या गोलाला ओढूनताणून ‘विष्णू’ ठरविणे हा केतकरांचा सन्मान होणार नाही.

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहे. प्लुटोचा शोध केतकरांनी लावला असे म्हणता येत नाही. परंतु तेवढ्याच स्पष्टपणे हेही म्हटले पाहिजे की ज्या कसोटीवर केतकर उतरत नाहीत, त्याच कसोटीवर लॉवेलही उतरत नाहीत. अंतर आणि प्रदक्षिणाकाल यांपुरते पाहिले, तर केतकरांचे आकडे लॉवेल यांच्यापेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होते. असे असताना लॉवेल यांच्या आद्याक्षरांची मोहोर प्लुटोच्या चिन्हावर कायम राहिली आणि केतकर तळटीपेत गेले. तक्रार करायचीच तर ती या विषम तराजूची करावी. शोध हिरावला गेल्याची तक्रार खोटी ठरेल, आणि खोट्या तक्रारीने खऱ्या माणसाचे नुकसान होते.

सीमेवर वस्ती निघाली

प्लुटोचे पद का गेले, हे समजण्यासाठी अंतराची कल्पना यावी लागते. सूर्य शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात ठेवला आणि पृथ्वी त्यापासून १०० मीटरवर ठेवली, असे समजू. या प्रमाणात सूर्याचा गोळा जवळजवळ मीटरभर व्यासाचा होईल, पृथ्वी हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि प्लुटो मोहरीएवढा. नेपच्यून तेथून ३ किलोमीटरवर, पर्वतीच्या थोडा पलीकडे येईल. प्लुटो सरासरी ४ किलोमीटरवर फिरेल. परंतु त्याची कक्षा लांबट आणि सतरा अंशांनी कललेली असल्याने तो कधी नेपच्यूनच्याही आत शिरेल. १९७९ ते १९९९ या काळात तो तसा होताच. ज्याच्या अंगणातून शेजारी अधूनमधून जातो, त्याचे अंगण त्याचे एकट्याचे म्हणता येत नाही.

१९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना प्लुटोच्या पलीकडच्या प्रदेशात एक नवा गोल सापडला. पुढे असे गोल शेकड्यांनी आणि आता हजारांनी सापडले आहेत. या वस्तीला कायपर पट्टा म्हणतात. २००५ च्या जानेवारीत मायकेल ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांना २००३ च्या छायाचित्रांत एरिस सापडला. आजच्या मापांनुसार प्लुटोचा व्यास सुमारे २३७७ किलोमीटर आणि एरिसचा सुमारे २३२६ किलोमीटर. वस्तुमानात मात्र एरिस प्लुटोपेक्षा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी जड. आपल्या पुण्याच्या प्रमाणात सापडला त्या वेळी तो साडेनऊ किलोमीटरहून अधिक दूर, कात्रजच्याही पुढे होता. प्लुटो ग्रह असेल, तर एरिस का नाही? आणि एरिस ग्रह असेल, तर उद्या पन्नास ग्रह होतील, त्याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून २००६ मध्ये तीन अटी ठरल्या. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल आकार धारण करावा आणि आपल्या कक्षेचा परिसर स्वतःच्या सत्तेखाली आणावा. पहिल्या दोन अटी पुऱ्या करणारा, तिसरी पुरी न करणारा आणि कोणाचा उपग्रह नसलेला गोल म्हणजे बटुग्रह. आज संघाच्या यादीत पाच बटुग्रह आहेत. सीरिस हा मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान आहे. प्लुटो, हौमेया, माकेमाके आणि एरिस हे चार नेपच्यूनपलीकडचे. सेडना, क्वाओअर, गाँगगाँग, ऑर्कस यांसारखे आणखी काही गोल या पंक्तीत बसण्यास योग्य आहेत असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

या चौघांपैकी हौमेयाची कथा आजच्या विषयाशी जुळते. हा गोल जवळजवळ चार तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. एवढ्या वेगामुळे तो अंड्यासारखा लांबट झाला आहे, आणि २०१७ मध्ये त्याच्याभोवती कडेही आढळले. त्याच्या शोधाचे श्रेय अमेरिकेतील चमूचे की स्पेनमधील चमूचे, यावर मोठा वाद झाला. अखेर संघाने नाव अमेरिकेच्या चमूने सुचविलेले स्वीकारले, शोधाचे ठिकाण म्हणून स्पेनमधील वेधशाळेची नोंद केली आणि शोधकाच्या नावाची जागा कोरी ठेवली. सर्व नोंदी, सर्व साधने आणि सर्व माणसे हयात असताना जर श्रेय ठरविणे इतके अवघड, तर शंभर वर्षांपूर्वीच्या केतकरांविषयी बोलताना किती जपून बोलावे, याचा धडा या कोऱ्या जागेत आहे.

ताल चुकला, पण ताल होता

केतकरांच्या भाकिताचा आधार टिकत नाही असे वर म्हटले. परंतु त्यांच्या विचाराच्या गाभ्यात एक खरी गोष्ट होती, आणि तिची कल्पना नंतरच्या संशोधनाने दिली. नेपच्यून सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात प्लुटो बरोबर दोन मारतो. हा खरा अनुनाद आहे. याच्याच आधारे प्लुटो सुरक्षित आहे. त्याची कक्षा नेपच्यूनच्या कक्षेच्या आत शिरत असली, तरी तो आत येतो तेव्हा नेपच्यून नेहमी दूर असतो आणि टक्कर कधीच होत नाही. याच तीनास दोनच्या प्रमाणात बांधलेले इतर अनेक लहान गोलही सापडले आहेत आणि त्यांना ‘प्लुटिनो’ अशी संज्ञा आहे. अन्य प्रमाणांत बांधलेलेही पुष्कळ आहेत. फार प्राचीन काळी नेपच्यून हळूहळू बाहेर सरकत गेला आणि सरकताना त्याने या लहानग्यांना आपल्या तालात ओढून घेतले, असे आज मानले जाते.

म्हणजे सूर्यमालेच्या सीमेवर ताल चालू आहे, हा केतकरांचा अंदाज खोटा नव्हता. तो ताल युरेनस आणि नेपच्यून यांच्यात आहे असे त्यांना वाटले. तो निघाला नेपच्यून आणि त्याच्या पलीकडच्या बटूंमध्ये. प्रमाणही वेगळे निघाले. साधनांवाचून, विजापूरसारख्या गावी बसून एका शिक्षकाने योग्य दिशेला कान लावला होता. त्याला ऐकू आले ते सर्व बरोबर नव्हते, एवढेच.

त्या सीमेवर मनुष्यनिर्मित यान पोचले ते १४ जुलै २०१५ रोजी. जानेवारी २००६ मध्ये निघालेले न्यू होरायझन्स प्लुटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटर अंतरावरून गेले. सूर्याचा प्रकाश पोचायला सरासरी साडेपाच तास लागतात अशा त्या ठिकाणी, उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत, गोठलेल्या नायट्रोजनचे विस्तीर्ण पठार आणि पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर दिसले. त्यांपैकी एका पर्वतरांगेला तेन्झिंग नोर्गे यांचे नाव दिलेले आहे. टॉम्बो यांच्या रक्षेचा अंशही याच यानातून गेला. ज्याला पद नाकारले गेले, त्या बटूने तिन्ही लोकांतील शास्त्रज्ञांना चकित केले.

दृक्प्रत्ययाची परंपरा

केतकरांना नेमका कोणता मान द्यावा, याचे उत्तर त्यांच्याच जीवनकार्यात आहे. महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत असत. १५२० च्या सुमाराचा तो ग्रंथ आपल्या काळात अत्यंत उपयुक्त होता, परंतु पुढे त्याचे गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागले. ग्रहणाची वेळ एक सांगितली जाई आणि ग्रहण दिसे दुसऱ्याच वेळी. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी या प्रश्नाला हात घातला. १८६० मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. छत्रे हे टिळकांचे गणिताचे गुरू. शास्त्राचा मान राखायचा तर गणित डोळ्यांना पटले पाहिजे, यालाच परंपरेत दृक्प्रत्यय म्हणतात.

टिळक आणि केतकर दोघेही दृक्प्रत्ययाचे कैवारी. तरीही राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा, यावर दोघांत मतभेद होता. छत्रे आणि टिळक रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून आरंभ मानत, तर केतकर चित्रा ताऱ्याच्या समोरील बिंदूपासून. या दोन बिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळेच एखाद्या वर्षी अधिक मास निराळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. लोकमान्यांचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई. तरीही केतकरांनी आपले मत सोडले नाही आणि तसे केल्याने टिळकांविषयीचा त्यांचा वा समाजाचा आदर कमी झाला नाही. आज बहुसंख्य मराठी घरांतील पंचांग चित्रापक्षाचे आहे. देशभक्ताच्या मतापुढेही प्रमाण मागावे, ही रीत याच मातीतील आहे.

ज्या पुरुषाने पंचांगातील पूज्य ग्रंथाला आकाशाच्या कसोटीवर घासून पाहिले, त्याच्याविषयीच्या दाव्याला तीच कसोटी लावली पाहिजे. ‘आमच्याकडे हे सगळे आधीच ठाऊक होते’ असे म्हणणे सोपे असते. प्रमाण विचारले की ते वाक्य गळून पडते, आणि त्याच्यासोबत जे खरोखर ठाऊक होते त्याच्यावरचाही विश्वास उडतो. घरातील मुलगा महाविद्यालयात जाऊन जेव्हा वस्तुस्थिती वाचतो, तेव्हा त्याला आपले वडीलधारे खोटे बोलले असे वाटता कामा नये. केतकरांविषयी सांगायचे तर एवढेच सांगावे : वेधशाळेवाचून, स्वतःच्या व्यासंगाच्या बळावर एका मराठी शिक्षकाने १९११ मध्ये जगाच्या विद्वत्सभेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांविषयी आपले गणित मांडले. त्याचा आधार पुढे टिकला नाही, आकडे आश्चर्यकारकपणे जवळ आले, आणि ज्या तालाचा त्याने विचार केला तो ताल निराळ्या रूपात खरा निघाला. या वाक्यातील एक शब्दही वाढवावा लागत नाही आणि अभिमानाला काही उणे पडत नाही.

पुण्याकडून अपेक्षा

या कामी पुण्याएवढे अनुकूल नगर देशात क्वचितच असेल. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून येथे हौशी आकाशनिरीक्षकांना घडवीत आहे. टिळक मार्गावरील टिळक स्मारक मंदिरातील तिच्या दुर्बिणीतून पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी शनीची कडी पहिल्यांदा पाहिली. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘आयुका’ उभी केली. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यातच निधन झाले, परंतु विज्ञान मराठीतून आणि प्रमाणासह सांगण्याची त्यांनी घालून दिलेली शिस्त मागे उरली आहे. आयुकाची दोन मीटर व्यासाची गिरवलीची दुर्बीण २००६ मध्येच, म्हणजे प्लुटोचे पद गेले त्याच वर्षी, कार्यास समर्पित झाली.

६ जून २०२० रोजी प्लुटो एका दूरच्या ताऱ्यासमोरून गेला. उत्तराखंडातील नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर आणि १.३ मीटर व्यासांच्या भारतीय दुर्बिणींनी ताऱ्याचा मंदावणारा प्रकाश टिपला. त्यावरून प्लुटोच्या पृष्ठावरील वातावरणाचा दाब मोजता आला : पृथ्वीवरील दाबाच्या ऐंशी हजाराव्या भागाहूनही कमी. केतकरांना ज्याचे केवळ अंतर सांगता आले, त्या प्रदेशातील गोलाच्या हवेचे माप भारतभूमीवरून घेतले गेले. हा अभिमान पूर्णपणे पुराव्याचा आहे.

आता एक काम उरले आहे. केतकरांचे १९११ चे विवेचन मराठीत सटीप उपलब्ध व्हावे, त्यातील आकड्यांची पायरीन्पायरी एखाद्या विद्यार्थ्याने पुन्हा मांडून पाहावी, जेथे चूक आहे तेथे चूक दाखवावी. गणित जाणणाऱ्या आणि संस्कृत वाचणाऱ्या तरुणाला ‘ज्योतिर्गणितम्’ आणि फ्रेंच पत्रिकेतील तो मजकूर शेजारी शेजारी ठेवून बसता येईल. शाखेत, शाळेत, वसाहतीच्या गच्चीवर मुलांना आकाश दाखविताना प्लुटो दिसणार नाही. तो फार मंद आहे. त्याला पाहण्यास मोठी दुर्बीण आणि शहरापासून दूरचा काळोख लागतो. परंतु सध्या तो मकर राशीत आहे, तेवढा आकाशाचा तुकडा बोटाने दाखविता येतो. तो दाखवून मुलांना दोन माणसांची नावे सांगावीत. एक टॉम्बो, ज्याने तो शोधला. दुसरे केतकर, ज्यांनी त्याच्या दिशेने विचार केला. आणि दोघांनी नेमके काय केले व काय केले नाही, तेही त्याच बैठकीत सांगावे.